कवंदी, कौदी की वाकळ? : खानापूरकडच्या एका एकांकिकेचं प्रकरण

मी प्रॉम्प्टर. पोटापाण्याला सहकारी बँक, पण बेळगावच्या हौशी नाटकवाल्यांत माझी ओळख हीच. विंगेत स्टुलावर बसून तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजत आलोय. हे प्रकरण कोरोनानंतरच्या पहिल्या मोसमात आमच्या मंडळाने बसवलेल्या एका एकांकिकेचं आहे. पात्रं चार, वेळ पन्नास मिनिटं. सीमेपलीकडे स्पर्धेला नेली, तिथे पडली. मग खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवर आणखी एक प्रयोग झाला. नाटक थोर होतं असं मी म्हणणार नाही. पण त्यातल्या माणसांनी कुठल्या भाषेत बोलायचं यावरून तीन महिने जी ओढाताण झाली, तिच्यात आम्हीच बरेच उघडे पडलो. माणसांची नावं देत नाही. वाडी लहान आहे, आणि मंडळही काही फार मोठं नाही.

संहिता

लिहिणारा आणि बसवणारा एकच, आमचा मास्तर. खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक. विषय त्याने शेजारून उचलला होता: दोन सिद्दी बहिणी, थोरली उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ तालुक्यात दिलेली, धाकटी इकडे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात.

सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी जे निसटले किंवा सुटले, ते घाट चढून कारवारच्या रानात राहिले, हा त्यातला मोठा धागा. दख्खनच्या सुलतानी दरबारांत लष्करात चढलेले हबशी हा दुसरा. आज यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला भागात त्यांच्या वाड्या आहेत, तशाच हल्याळला लागून खानापुरातही. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती.

आता नाटकाचं बीज. २००३ साली सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतलं, पण फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरतं. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतले सिद्दी त्यात आले २०२० साली. मधली सतरा वर्षं एकाच आईच्या दोन मुलींपैकी हल्याळची आदिवासी होती आणि खानापूरची नव्हती. त्यात २००६ चा वनहक्क कायदा. जमातीतल्या माणसाने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवलं की पुरे. जमातीत नसलेल्याने मात्र त्या तारखेच्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथल्या रानावर जगत असल्याचं सिद्ध करायचं. जे लोक गुलामीतून लपत रानात आले, त्यांच्याकडे ७५ वर्षांचा कागद मागायचा! मास्तरला हे एवढं सापडलं आणि तो हरखून गेला. आम्हीही हरखलो. सीमा म्हटलं की आम्हा बेळगावकरांना एकच सीमा आठवते. इथे तालुक्याच्या वेशीवर दुसरी निघाली, आणि तिच्याबद्दल आम्हाला काडीची खबर नव्हती.

पहिल्या खर्ड्यात धाकटी म्हणते, "ताई, या जंगलावर आपला काहीच हक्क नाही का गं?" वाचनाला सगळे गप्प. कुणीतरी म्हणालं, ही तर पुण्यात सदाशिव पेठेत राहते. मास्तरने आठवड्यात दुसरा खर्डा आणला. आता ती म्हणते, "आक्के, ह्या रानावर आपला कायबी हक न्हाय व्हय गं?" या वेळी सगळ्यांनी माना डोलावल्या. आली म्हणे माती.

मी समासात पेन्सिलीने लिहिलं: कुठली माती? एकांकिकांच्या जगात गरीब माणूस कुठलाही असो, मेळघाटातला, तळकोकणातला, नाहीतर हल्याळच्या रानातला, तो साताऱ्या-सांगलीच्या आसपासचं काहीतरी बोलतो. 'व्हय', 'न्हाय', 'लई' ही तीन बटणं लावली की शर्ट ग्रामीण. त्या बोलीवर माझा राग नाही, ती साताऱ्याच्या माणसाच्या तोंडी सोन्यासारखी आहे. पण सिद्दी बाईला ती नेसवली म्हणजे तिला रंगमंचावर आणली असं होत नाही.

याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला जास्त लागली. थोरलीचं काम करणारी आमची अभिनेत्री वडगावची. घरी, बाजारात, तालमीच्या चहाला ती "मी आलो", "मी जेवलो" असंच म्हणते. बेळगाव-कोल्हापूरच्या कितीतरी बायका तसंच बोलतात. पण संहिता हातात घेतली की तिचं "आले", "जेवले" होतं. एकदा पुण्याच्या शिबिरात गेली होती, तिथे तिला कुणी हसलं होतं. म्हणजे ती स्वतःचं तोंड चपलेसारखं दाराबाहेर काढून ठेवते आणि मग तालमीला बसते. जिला स्वतःचा "आलो" रंगमंचावर आणायची लाज वाटते, ती दुसरीची बोली कुठून आणणार?

ओसरीवर

कवंद्या, म्हणजे तिकडच्या गोधड्या, आणि ढमाम नावाचा ढोल मागायला म्हणून मास्तर, मी आणि ती अभिनेत्री नंदगडवरून पुढे गेलो. नेपथ्याला काहीतरी अस्सल हवं, इतकाच हेतू. म्हणजे आम्ही वस्तू मागायला गेलो होतो, बोलणं ऐकायला नव्हे. हे नोंदवून ठेवतो, कारण नंतर मास्तर कुठेतरी "आम्ही बोलीच्या शोधात गेलो" असं म्हणायला लागला.

ज्यांच्या ओसरीवर बसलो त्यांना सगळी वाडी आक्का म्हणायची, आम्हीही तेच म्हणू लागलो. त्या शिवत होत्या. जुन्या लुगड्यांचे, शर्टांचे, पोरांच्या चड्ड्यांचे तुकडे, धावदोरा, आणि शिवण कडेने सुरू होऊन फिरत फिरत आत, मध्याकडे येत होती. मी म्हटलं, "वाकळ झक्क झालीय."

आक्कांनी वर न बघता सांगितलं, "वाकळ तुमची. कौदी कानडीवाल्यांची. ही कवंदी."

मग चारही कोपऱ्यांवर घडी घालून शिवलेले छोटे तुकडे बोटाने दाखवले. त्याला फूल म्हणतात. फूल लावलं नाही तर कवंदी उघडी राहते, म्हणाल्या. उघडी म्हणजे नागडी. पांघरूण स्वतःच नागडं! गोधडीला अशी लाज-अब्रू असते हे मला पन्नाशीत कळलं.

पुढच्या तासाभरात जे झालं तिथे मास्तरचं नाटक खरं लिहिलं गेलं. वनखात्याचा एक गार्ड मोटरसायकलवरून आला. आक्का उठून उभ्या राहिल्या आणि कानडीत बोलल्या, थोडं आणि खालच्या पट्टीत. तो गेला. हल्याळकडून एक फेरीवाला आला, त्याच्याशी उर्दू वळणाच्या हिंदीत घासाघीस केली. बसूनच, आवाज चढवून, हातवारे करत. आमच्याशी मराठी, पदर सावरून, प्रत्येक वाक्यानंतर आम्हाला समजलं का हे बघत. मधूनच आतून नात काहीतरी विचारायची, तिला उत्तर जायचं ते सुईवरची नजर न हलवता. तेवढंच बोलणं असं होतं की जे बोलताना त्यांच्या अंगात काही बदलत नव्हतं.

ती घरची बोली कोकणीच्या गोतातली. अभ्यासक तिला सिद्दी कोकणी म्हणतात. मराठी, कानडी, उर्दू शब्द तिच्यात मुरलेत, आणि माझ्यासारख्याला साधारण निम्मी कळते. आक्कांनी तिला काही नावच दिलं नाही. "घरातलं बोलणं" म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मास्तर नंदगडपर्यंत गप्प. मग म्हणाला, "आपण एका बाईची एक भाषा शोधत होतो. तिला चार आहेत. कोण समोर आल्यावर कुठली निघते, तेच नाटक की हो."

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. बोलीला आपण मसाला समजतो: रस्सा तोच, वरून चव वेगळी. रंगमंचावर भाषा बदलणं म्हणजे उठून उभं राहण्यासारखी कृती असते. आक्का कानडीत शिरतात तेव्हा त्या उभ्या राहतात, हे दिग्दर्शकाला सांगावं लागत नाही. भाषेनेच ते सांगितलेलं असतं.

अण्णांची हरकत

तिसऱ्या खर्ड्यात मास्तरने वाटणी केली. वनखात्याच्या कचेरीत कानडी. ज्याच्याकडे धाकटी मजुरी करते त्या सावकाराच्या घरी मराठी. दोघी बहिणी एकट्या असताना घरातलं बोलणं, सलग बारा मिनिटं, भाषांतर नाही. फलकावर ओळी दाखवायची सूचना आली होती, ती त्याने उडवून लावली.

मंडळातले ज्येष्ठ म्हणजे अण्णा. वय पंच्याहत्तरच्या पुढे. दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीत असतात, गुडघे गेले तरी. त्यांनी संहिता वाचली आणि टेबलावर ठेवली. "मराठी रंगमंचावर कानडी? आपणच न्यायची, कोल्हापूरला?"

अण्णांना हटवादी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते जमत नाही. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा ते शाळकरी पोर होते. सीमावादावरच्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यायला सांगितलं आणि बेळगाव ठेवून घेतलं, ते त्यांच्या तरुणपणी. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि अण्णांची तारखांची वही आता तिसरी चालू आहे. शेताचा उतारा कानडीत, नोटीस कानडीत, बसची पाटी कानडीत. ज्या तालुक्यात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्के असतील तिथे सरकारी कागद त्या भाषेतही मिळावेत, हे तत्त्व त्यांना तोंडपाठ. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण सांगणारं घटनेचं ३५०-अ कलमही. आयुष्यभर एक माणूस म्हणत आलाय की भाषा गेली की माणूस जातो. त्याला तुम्ही रंगमंचावर कानडी ऐकवणार.

पण नवल असं की कानडीवरून ते तासाभरात निवळले. कचेरीतली कानडी त्यांना उलट पसंत पडली. जुलूम करणारी ती भाषा, मग ठीकच आहे. खरी ठिणगी सावकारावर पडली. "सावकार मराठी कशाला? मराठी माणूस इथे सोसतोय, आणि तू त्याला सावकार करतोस?"

मास्तर म्हणाला, "अण्णा, तिच्या तिथे मजुरीला बोलावणारा मराठीच बोलतो. तिला मराठी आली ती त्याच्या अंगणात."

त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. चहावाला पोरगा येऊन कप घेऊन गेला. मग मास्तरने जे सांगितलं त्यासाठी मी तयार नव्हतो. त्याच्या वर्गात दोन सिद्दी मुलं आहेत. रजिस्टरात मातृभाषा असा रकाना असतो. "तिथे मराठी लिहिलंय. माझ्या हाताने. पट कमी झाला तर शाळा बंद पडते. दोन पोरं मराठीत धरली तर शाळेला दोन वर्षं मिळतात."

म्हणजे बघा. आमची शाळा वाचवायला आम्ही त्यांची भाषा पुसली, आणि तीही ३५०-अ च्या नावाने. जनगणनेतही दहा हजारांहून कमी लोक बोलतात अशा भाषा १९७१ पासून वेगळ्या छापल्या जात नाहीत. लहान बोली मोठीच्या पोटात जाते. आमच्या मराठीची टक्केवारी काढताना अशी किती घरातली बोलणी तिच्यात मोजली गेली असतील, हा विचार मला त्या दिवशी पहिल्यांदा शिवला. अण्णांनाही शिवला असावा. ते म्हणाले, "हे नाटकात नाही ना घातलंस?" मास्तर म्हणाला, "नाही." "का?" मास्तरकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते तिथे तो कचरला. रजिस्टरचा प्रसंग असता तर एकांकिका कुठल्या कुठे गेली असती.

जाता जाता एक. कानडी रंगमंचावर आली म्हणजे मराठी नाटक बाटतं असं वाटणाऱ्यांनी आपली वंशावळ बघावी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर केलं, ते आधी कारवारकडच्या कर्की गावच्या कानडी भागवत मंडळींचा खेळ सांगलीच्या दरबारी झाला त्यावरून. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला, आजच्या बेळगाव जिल्ह्यात. तिकडे गिरीश कार्नाडांची घरची भाषा कोकणी, नाटकं लिहिली कानडीत. हा सगळा मुलूखच एकीत जेवून दुसरीत हात धुणाऱ्यांचा.

तालमी

घरातल्या बोलण्याची बारा मिनिटं मास्तरने मोबाइलवर आक्कांकडून बोलवून घेतली, देवनागरीत उतरवली, आणि आमच्या दोघी अभिनेत्री पाठ करायला बसल्या. आठ दिवसांनी जे ऐकू आलं ते भयंकर होतं. जुन्या मराठी नाटकांतली गोव्याची मोलकरीण असते ना, हेल काढून हशा घेणारी, तीच. शब्द सिद्दींचे आणि हेल विनोदी नाटकाचा. आम्हाला कोकणी वळणाचं काहीही ऐकलं की तोच साचा आठवतो, कारण दुसरा आमच्याकडे नाहीच.

त्याच आठवड्यात रंगभूषेची चाचणी झाली. रंगभूषावाल्याने दोघींच्या तोंडाला, हाताला काळा रंग फासला. आम्ही कुणी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर आम्हाला तो रंग दिसलाच नाही. 'पात्राची गरज' दिसली. आक्का त्या दिवशी नातीला घेऊन तालीम बघायला आल्या होत्या. नात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कानडी माध्यमात. तिने दोघींकडे बघितलं आणि मराठीत विचारलं, "हे कशाला लावलंय?" विचारण्यात राग नव्हता. खरंच कळत नसल्यासारखं विचारलं. वडगावची अभिनेत्री उठून नळावर गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

तिथून धाकटीची भूमिका नातीकडे गेली. आधी जी करत होती ती मुलगी रुसून मंडळ सोडून गेली, तिचं तिच्या जागी बरोबर होतं. तीन महिने तिने घातले होते.

आक्कांनी अटी घातल्या. त्यांचं नाव फलकावर नको. त्यांनी सांगितलेली वाक्यं छापायची नाहीत. (म्हणून या लेखातही ती नाहीत, त्यांनी ती नाटकाला दिली होती.) कवंदी कापायची नाही, परत द्यायची. आणि नात ढमाम वाजवून नाचणार नाही. या शेवटच्या अटीवर मास्तर हिरमुसला, कारण शेवट त्याने ढमामीवर ठेवला होता: ढोलाचा घुमता ठेका, लाल प्रकाश, सगळं ठरलेलं. आक्का म्हणाल्या, आमच्याकडे कुणी आलं की नाचायलाच सांगतं. नातीला बोलायला येतं, ते ऐका की.

आपण काही जगावेगळं करतोय असं मास्तरला अधूनमधून वाटायचं, तेव्हा मला त्याला जमिनीवर आणावं लागे. हेग्गोडूच्या नीनासम या कानडी नाट्यसंस्थेच्या लोकांनी १९८० च्या दशकातच मंचिकेरीच्या सिद्दी कलाकारांना घेऊन नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेंच्या कादंबरीचं कानडी नाटक केलं होतं. सिद्दी नट-नट्या कानडी रंगभूमीवर, सिनेमात मुरलेले आहेत. आमच्यापासून दोन-तीन तासांवर हे चाळीस वर्षं चाललंय आणि मराठी मंडळींना पत्ता नाही. कानडीने त्यांना जागा दिली, कानडी बोलून का होईना. आम्ही मराठी बोलूनही दिली नव्हती. बाहेरच्या जगात हा पेच जुना आहे. केनियात न्गुगी वा थिओंगो यांनी १९७७ साली कामिरीथू गावात गिकुयू भाषेत नाटक केलं, तेव्हा गावकरीच संहितेतली भाषा दुरुस्त करायला बसायचे. त्या वर्षाच्या शेवटी न्गुगींना अटक झाली. कॅनडात टॉमसन हायवे या क्री नाटककाराने इंग्रजी नाटकांत क्री आणि ओजिब्वे बोलणं तसंच ठेवलं. आमच्या तालमीत अटकेची भीती नव्हती. दुरुस्ती मात्र रोज व्हायची.

आणि ती शब्दांची नसायची. आक्का शब्द क्वचितच बदलायच्या. त्या म्हणायच्या, इतकं सांभाळून कोण बोलतं बहिणीशी? वाक्य अर्धं टाक. तिला माहितीय पुढचं. मास्तरची वाक्यं पूर्णविरामापर्यंत जायची, पाठ्यपुस्तकासारखी. आक्कांनी त्यांची शेपटं कापली. बारा मिनिटांचा प्रवेश नऊवर आला.

मग एक दिवस तालमीत वडगावची अभिनेत्री सावकाराच्या दारातला प्रवेश करताना चुकून "मी आलो" म्हणून गेली. थांबली, सवयीने दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि मास्तर ओरडला, "राहू दे!" ते राहिलं. मजुराला येणारी मराठी मालकाच्या बोलण्यातूनच आलेली असणार, आणि इथला मालक बेळगावी बोलणार. तीस वर्षांत पहिल्यांदा मी संहितेत 'आले' खोडून 'आलो' केलं.

माझी अडचण वेगळीच होती. त्या नऊ मिनिटांना मला प्रॉम्प्ट करता येईना. माझ्या प्रतीत वाक्यं देवनागरीत होती, पण मी पुटपुटलो की नात वळून बघायची, ओळखच पटायची नाही. शेवटी तिने स्वतःची वही दाखवली. तिने तीच वाक्यं कानडी लिपीत लिहून घेतली होती, कारण तिची शाळाच कानडी. कानडीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांना वेगळी अक्षरं आहेत, ओ चंही तसंच. आमच्या मराठी लिहिण्यात दोघांना एकच मात्रा. म्हणजे तिच्या तोंडातला जो आखूड स्वर होता तो तिच्या वहीत पकडला गेला होता, आणि माझ्या वहीत ताणला जात होता. तिची वही बरोबर, माझी चूक. ज्या लिपीच्या पाट्यांवरून आमचं गाव गेली कित्येक वर्षं भांडतंय, तिच्यात हे बोलणं जास्त नीट बसत होतं. अण्णांना हे सांगायचं धाडस मी केलं नाही.

दोन प्रयोग

स्पर्धेत कचेरीचा प्रवेश चांगला गेला. बाबू विचारतो, "दाखले एल्लि?" दाखले कुठायत? 'दाखले' कानडीतही आहे आणि मराठीतही, त्यामुळे कोल्हापूरच्या प्रेक्षकाला कानडीचं अक्षर न येता सगळं कळलं. हा योगायोग होता, मास्तरची करामत नव्हे. बहिणींच्या प्रवेशाला सभागृह पहिली दोन मिनिटं चुळबुळलं. कुणीतरी "आवाज!" ओरडलं, जणू ऐकू येत नाही म्हणून कळत नाहीय. मग हळूहळू शांत झालं. कळायला लागलं म्हणून की कंटाळून, विंगेतून सांगता येत नाही.

परीक्षकांनी नंतर सांगितलं की विषय उत्तम, पण ग्रामीण बोलीवर आणखी मेहनत हवी. थोरली स्त्री असून "आलो" म्हणते, ही व्याकरणाची चूक दिग्दर्शकाच्या लक्षात कशी आली नाही? अभिनेत्री परतीच्या गाडीत निपाणीपर्यंत हसत होती. पुढे हसू थांबलं. बक्षीस काही मिळालं नाही.

वाडीवरचा प्रयोग देवळासमोर झाला, दोन हॅलोजनवर. तिथे लोक खळखळून हसले ते कचेरीच्या प्रवेशाला, जिथे कोल्हापूर गंभीर झालं होतं. बाबूची नक्कल त्यांना अचूक वाटली. एक म्हातारा तर बाबूच्या आधीच "दाखले एल्लि" म्हणाला. सावकाराच्या प्रवेशाला मात्र कुणी हसलं नाही. तिथे बाया पदराला हात लावून बसल्या. आणि बहिणींचा प्रवेश, ज्याच्यासाठी आम्ही रक्त आटवलं, तो सुरू झाला तेव्हा लोक आपापसात बोलत होते, पोरं इकडून तिकडे पळत होती. मास्तरचा चेहरा पडला. मला वाटतं त्याला हुंदके हवे होते. पण त्यांना त्यात नवल काय असणार? दोन बहिणी घरात बोलतात तसं बोलत होत्या.

त्या प्रवेशात थोरली अडली. मी सवयीने माझ्या वहीतली ओळ कुजबुजलो. तिने ती घेतली नाही. नातीने समोरूनच, पात्रात राहून, तिला ती ओळ प्रश्नासारखी विचारली, आणि थोरलीने तीच उत्तर म्हणून परत दिली. संहितेत तसं नव्हतं. पुढे तसंच ठेवलं.

अण्णा वाडीवर आले नव्हते, गुडघ्यामुळे. त्यांनी नंतर फोन करून एवढंच विचारलं की सावकाराला लोकांनी शिव्या दिल्या का. मी म्हटलं, नाही, गप्प बसले. "गप्प," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

कवंदी आक्कांना परत केली. एका कोपऱ्याचं फूल वाहतुकीत उसवलं होतं. त्यांनी काही न बोलता आमच्यासमोरच ते परत लावलं.

मास्तर आता रजिस्टरचा प्रवेश लिहितोय. नात धाकटीचंच काम करणार आहे. मी तिची वही मागून घेतलीय. कानडी मी बसच्या पाट्यांपुरती वाचतो, एकेक अक्षर लावत, त्यामुळे तालमीत बहुतेक वेळा दोन ओळी मागे असतो. नात थांबते.